कॉलेज सांभाळून नोकरी : विद्यार्थ्यांच्या कामगार हक्कांची पार्श्वभूमी

फर्ग्युसन रस्त्यावरचे कॅफे, विमाननगरच्या मॉलमधली कपड्यांची दुकानं, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, खासगी क्लासेस. पुण्यात संध्याकाळच्या शिफ्टला उभी असलेली बरीच मुलं-मुली सकाळी कॉलेज करून आलेली असतात. त्यांच्यासाठी वेगळा कामगार कायदा कधीच झाला नाही. त्यांना जे हक्क आहेत ते कामगार म्हणून आहेत, आणि कामगारांचे कायदे लिहिले गेले ते पूर्णवेळ नोकरी गृहीत धरून. विद्यार्थ्यांच्या बऱ्याचशा अडचणी इथूनच सुरू होतात.

हालअपेष्टा काढून शिकणं पुण्याला नवं नाही. माधुकरी मागून, वार लावून शिकलेल्या कित्येक पिढ्या इथे होऊन गेल्या. त्या गरजेतून 1909 मध्ये अनाथ विद्यार्थी गृह उभं राहिलं, आजचं पुणे विद्यार्थी गृह. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रमाच्या बदल्यात शिक्षण ही रीत महाराष्ट्रात रुजवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आजही त्यांच्याच नावाने चालते. मात्र या योजनेतलं काम कॉलेजच्या आवारात होतं आणि तिथे मिळतं ते मानधन. हेतू मदतीचा असतो. बाहेरच्या बाजारात तीच भाषा वापरली जाते तेव्हा मुलांचं नुकसान होतं. ‘शिकतोयस ना, खर्चाला पैसे देतो’ असं म्हणून रोज पाच तास काउंटर सांभाळायला लावलं, तर कायद्याच्या दृष्टीने ती नोकरीच आहे. कराराच्या अटी लेखी असोत की न सांगता ठरलेल्या, मोबदला घेऊन काम करणारा तो कामगार, असंच कायद्यातली कामगाराची व्याख्या सांगते. त्यातून वगळलेत ते 1961 च्या कायद्याखाली रीतसर नोंद झालेले शिकाऊ उमेदवार. नुसतं ‘इंटर्न’ नाव दिल्याने ही सूट मिळत नाही.

हे हक्क फुकट मिळालेले नाहीत. पुण्यात 1877 मध्ये सुरू झालेलं ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांचं पत्र पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलं, आणि त्यांच्याच लढ्यामुळे 1890 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पगार वेळेवर देण्याचं बंधन 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने घातलं. किमान वेतनाचं विधेयक 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूर मंत्री म्हणून मांडलं. कायदा झाला 1948 मध्ये. त्याच वर्षी मुंबई दुकाने व आस्थापना कायदा आला, ज्याला सगळे ‘शॉप ॲक्ट’ म्हणतात. एकच नोकर असलेलं दुकानही त्यात येत असे.

19 डिसेंबर 2017 पासून नवा शॉप ॲक्ट लागू झाला आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तिथे मोठा फरक पडला. तेव्हा हा कायदा 10 किंवा अधिक कामगार असलेल्या जागेलाच पुरता लागू होता. दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तास, सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर, आठवड्याची सुट्टी, 8 दिवसांची नैमित्तिक रजा, ओळखपत्र हे सगळं त्यात होतं. पण चार पोरांवर चालणारा सँडविचचा स्टॉल किंवा झेरॉक्सचं दुकान नोंदणीऐवजी कामगार खात्याला फक्त सूचना देऊन मोकळं होई. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा 20 कामगारांवर आणि दिवसाचे तास 10 वर नेण्याला मंजुरी दिली. पुढे अध्यादेशही निघाला. विद्यार्थी जिथे जास्त काम करतात तीच लहान दुकानं अशी कायद्याबाहेर गेली, आणि हे बरं झालेलं नाही.

किमान वेतनाला मात्र अशी अट नाही. दुकानात एकच पोरगा असला तरी ते द्यावंच लागतं. आणि अर्धवेळ कामगारांसाठी महाराष्ट्राच्या अधिसूचनांमध्ये एक तरतूद असते जी मालकांनाही क्वचितच ठाऊक असते: दिवसाच्या दराला 8 ने भागायचं आणि येणाऱ्या तासाच्या दरात 15 टक्के वाढ करायची. समजा विशेष भत्ता (मूळ वेतनावर मिळणारी महागाईची वाढ) धरून महिन्याचा दर 13,520 रुपये आहे. कामाच्या 26 दिवसांनी भागल्यावर दिवसाचे 520, तासाचे 65, आणि वाढीसह 74 रुपये 75 पैसे. रोज 4 तासांचे 299 रुपये. हे आकडे केवळ हिशोब दाखवण्यापुरते. खरा दर पाहताना उद्योग (हॉटेल वेगळं, दुकान वेगळं), परिमंडळ (भागानुसार ठरलेला गट) आणि कामाचं कौशल्य या तिन्ही गोष्टी जुळवाव्या लागतात. भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. चूक बहुधा इथेच होते: मुलं फक्त मूळ वेतन पाहतात आणि भत्ता धरायचा विसरतात. यापेक्षा कमी पगार मान्य असल्याची सही घेतली असली तरी ती टिकत नाही. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही संविधानाच्या अनुच्छेद 23 खालची वेठबिगारी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाडच्या, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या, बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितलं.

करारांचा पाया त्याहून जुना, 1872 च्या करार कायद्याचा. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वांत वरचं अपील न्यायालय) 1903 मध्ये पक्कं केलं. म्हणजे अकरावी-बारावीतल्या मुलाकडून लिहून घेतलेला ‘सहा महिने सोडणार नाही’ असा बाँड त्याच्यावर लादता येत नाही. 14 ते 18 वयोगटाला 1986 च्या कायद्याचं, 2016 च्या दुरुस्तीनंतर, वेगळं संरक्षण आहे: धोक्याची कामं नाहीत, सलग 3 तासांनंतर तासाभराची विश्रांती, विश्रांती धरून दिवसात 6 तासांपेक्षा जास्त नाही, संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम नाही, ओव्हरटाइम नाही. सज्ञान विद्यार्थ्याच्या बाँडची गोष्ट वेगळी. मालकाने खरोखर प्रशिक्षणावर खर्च केला असेल तर वाजवी भरपाई मागता येते. नुसती दहशत बसवण्यासाठी लिहिलेली मोठी रक्कम आपोआप वसूल होत नाही.

फुटलेला कप किंवा गल्ल्यातली तूट पगारातून कापायचीही मर्यादा आहे. ती वस्तू किंवा रोकड त्या कामगाराच्या ताब्यात दिलेली हवी, नुकसान त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालेलं हवं, आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेतलेलं हवं. गल्ल्यावर तिघं बसत असतील आणि तूट तिघांत वाटली, तर ती कपात बेकायदा ठरते.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली वेतन संहिता विद्यार्थ्यांच्या सर्वांत जुन्या तक्रारीला हात घालते. परीक्षा आली की मुलगा नोकरी सोडतो, आणि शेवटच्या पंधरा दिवसांचा पगार मालक दाबून ठेवतो. 1936 च्या कायद्यात दोन दिवसांत हिशोब चुकता करण्याची सक्ती मालकाने काढून टाकलेल्यांपुरती होती. आता राजीनामा दिलेल्यालाही दोन कामकाजी दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. दावा करायची मुदत तीन वर्षं झाली आहे, आणि पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. तरी आधी आपण तिथे काम करत होतो हे दाखवावं लागतं. म्हणून शिफ्टचे व्हॉट्सॲप मेसेज, हजेरीचा फोटो, यूपीआयने आलेले आधीचे पगार जपून ठेवावेत. राजीनामाही मेसेजवर द्यावा, म्हणजे तारीख राहते. आधी मालकाला लेखी मागणी, मग पुण्याच्या अपर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज, हा क्रम बरा.

दुचाकीवरून डिलिव्हरी करणारे विद्यार्थी यात अजून नीट बसत नाहीत. ॲप कंपन्या त्यांना ‘पार्टनर’ म्हणतात, त्यामुळे किमान वेतनाचा तासाचा दर त्यांना लावला जात नाही. सामाजिक सुरक्षा संहितेने प्लॅटफॉर्म कामगारांची दखल प्रथमच घेतली आणि कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम निधीत भरावी असं ठरवलं. हा निधी विमा, आजारपण अशा योजनांसाठी आहे. ऑर्डरमागे किती मिळावं याबद्दल संहिता काहीच सांगत नाही.