समीक्षकांनी झोडपले, चाहत्यांनी डोक्यावर घेतले

रॉकचा मोठा अल्बम आला की समीक्षक त्याला गुण देतात आणि चाहते त्या गुणांवर तुटून पडतात. हे भांडण इंटरनेटने लावून दिले असा समज आहे. पण इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीपासून ते पेटलेले होते, आणि तेव्हा ते आजच्यापेक्षा जास्त रंगत असे.

१९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रॉकची गंभीर समीक्षा जवळपास नव्हतीच. ब्रिटनमध्ये ‘मेलडी मेकर’ आणि ‘एनएमई’ ही साप्ताहिके होती, पण त्यांचा भर बातम्या, मुलाखती आणि दोन-तीन मिनिटांच्या सुट्या गाण्यांवर. मग बीटल्स, बॉब डिलन यांच्यामुळे आख्खा अल्बम ही एकसंध कलाकृती म्हणून ऐकली जाऊ लागली, आणि तिच्याबद्दल तितक्याच गांभीर्याने लिहिणारे लोक हवे होते. १९६६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात शिकणाऱ्या १७ वर्षांच्या पॉल विल्यम्सने ‘क्रॉडॅडी’ या रॉकविषयक नियतकालिकाचा पहिला अंक सायक्लोस्टाइल करून काढला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत यान वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी ‘रोलिंग स्टोन’ हे नियतकालिक सुरू केले. म्हणजे पहिले समीक्षक वयाने आणि वृत्तीने चाहतेच होते. त्यामुळे त्यांच्याशी भांडताना वाचकांना संकोच वाटायचे कारण नव्हते.

पहिला मोठा भडका १९६७ च्या जूनमध्ये उडाला. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स’ या अल्बमने सगळे जग भारावलेले असताना ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रिचर्ड गोल्डस्टाइनने लिहिले की ही स्टुडिओतल्या करामतींची आतषबाजी आहे, आत फारसे काही नाही. ‘अ डे इन द लाइफ’ हे शेवटचे गाणे मात्र त्याला थोर वाटले होते. संतापलेल्या वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. गोल्डस्टाइनने माघार घेतली नाही. न्यूयॉर्कच्याच ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात दुसरा लेख लिहून आपली बाजू मांडली. त्याचे मत मला पटत नाही, पण त्याने कारणे दिली होती आणि त्या कारणांशी वाद घालता येत होता.

लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यांचा पहिला अल्बम लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत सुमारे ३६ तासांत ध्वनिमुद्रित झाला आणि जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेत आला. मार्चमध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्ये जॉन मेंडेल्सनने तो सोलून काढला. गिटारवादक जेफ बेकच्या बँडने काही महिन्यांपूर्वी जे केले त्यापेक्षा यात नवे काही नाही, झेपलिनचा गिटारवादक जिमी पेजची गाणी कमकुवत आहेत, असा त्याचा सूर. चाहत्यांनी मात्र अल्बम अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिल्या दहात नेऊन ठेवला. बँडच्या मनात वृत्तपत्रांविषयी अढी बसली ती बसलीच. १९७१ च्या चौथ्या अल्बमच्या वेष्टनावर ना अल्बमचे नाव होते, ना बँडचे. संगीताने स्वतःच्या बळावर उभे राहावे, असे पेजचे म्हणणे. अमेरिकेत त्याच्या दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या. आणि २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी काढली, तेव्हा ज्या पहिल्या अल्बमला झोडपले होते तो २९ व्या क्रमांकावर होता.

इथे समीक्षकांची एक अडचण समजून घ्यायला हवी. आठ-दहा दिवसांत, चार-सहा वेळा ऐकून लिहायचे, आणि रेकॉर्ड लोकांच्या घरात पन्नास वर्षे वाजणार. चुका होणारच. वाचकाचीही गरज होती: दुकानात पैसे मोजण्याआधी पूर्ण अल्बम ऐकायला मिळेलच याची खात्री नसे. ही गरज ओळखून समीक्षक रॉबर्ट ख्रिस्टगाऊने १९६९ पासून ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये शाळेसारख्या ग्रेड द्यायला सुरुवात केली. चार-पाच ओळींचा मजकूर आणि शेवटी ए, बी नाहीतर सी. त्याच्या ओळी धारदार असत, पण लोकांच्या लक्षात अक्षर राहू लागले.

आपल्याकडे हा वाद उशिराने आणि वेगळ्या वाटेने आला. परदेशातून कोणीतरी आणलेल्या रेकॉर्डवरून कॅसेट भरून घ्यायची, ती चारचौघांत फिरायची आणि मग मुंबईच्या रंगभवनावर ‘इंडिपेंडन्स रॉक’ या रॉक महोत्सवात, म्हणजे १९८६ पासून, भेटल्यावर वाद. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक सुरू केले तेव्हा इथल्या बँडबद्दलही छापील मत वाचायला मिळू लागले. महानगराबाहेरून हे काम उभे राहिले याचे मला आजही अप्रूप वाटते.

मग २००० साली रेडिओहेड या ब्रिटिश बँडचा ‘किड ए’ हा अल्बम आला. गिटारी बऱ्याचशा मागे सारून इलेक्ट्रॉनिक आवाजांवर बेतलेला. ‘मेलडी मेकर’ने त्याला पाचपैकी दीड गुण दिला. ‘न्यूयॉर्कर’मध्ये कादंबरीकार निक हॉर्नबीने लिहिले की इतका संयम नोकरीधंद्याला लागलेल्या माणसाकडे नसतो. ‘पिचफोर्क’ या इंटरनेटवरच्या नियतकालिकाने दहापैकी १०.० दिले. पण खरी नवी गोष्ट वेगळीच होती: नॅप्स्टर या गाण्यांच्या फाइली एकमेकांना देण्याच्या इंटरनेट सेवेवर अल्बम प्रकाशनाआधीच फुटला होता. समीक्षकाच्या हातात आधी प्रत पडते, हा त्याचा जुना अधिकार तिथे संपला. चाहत्यांचे मत समीक्षा छापून येण्याआधीच ठरलेले होते.

यानंतर ‘पिचफोर्क’चा दशांश चिन्हापर्यंतचा आकडा हाच वादाचा विषय बनला. माझ्या मते या वादाचे सर्वांत मोठे नुकसान या आकड्याने केले. ७.९ आणि ८.१ यांतल्या फरकावर लोक रात्रभर भांडतात आणि समीक्षेचा तिसरा परिच्छेद कोणी वाचलेला नसतो. २००३ मध्ये गायिका लिझ फेअरच्या तिच्याच नावाच्या अल्बमला ‘पिचफोर्क’ने ०.० दिले होते. ते लिहिणाऱ्या मॅट लमे यांनी २०१९ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली, आणि २०२१ मध्ये ‘पिचफोर्क’ने काही जुने गुण बदलले तेव्हा त्या अल्बमचे ६.० झाले. शून्याची बातमी जिथे जिथे पोचली होती तिथे हे सहा पोचले नाहीत.

जानेवारी २०२४ मध्ये मालक कंपनी काँडे नास्टने ‘पिचफोर्क’ला ‘जीक्यू’ या मासिकाच्या छत्राखाली नेले आणि अनेकांना कामावरून कमी केले. तेव्हा हळहळणाऱ्यांत त्या आकड्यांवर वर्षानुवर्षे चिडलेले चाहतेही होते.