जुन्या वाड्याचं लाकूड अन् तुमचं दुकान : काम द्यायच्या आधी वाचा

दुकानाला जुनं सागवान, शहाबादी, कोरीव चौकट लावायचीये म्हणून बरेच जण आमच्याकडं येतात आणि मोबाईलमध्ये कुठल्यातरी कॅफेचा फोटो घेऊनच येतात. फोटो राहू दे, पण ड्रॉइंग एवढ्यात काढून घेऊ नका. आधी आमच्या गोदामात येऊन जुन्या वाड्यांतनं निघालेला माल बघा, कारण वाड्यातनं निघालेली तुळई साडेनऊ फुटाची असली तर ती साडेनऊचीच राहणार, तुमच्या दहा फुटी काउंटरसाठी ती वाढत नाही, आणि तुकडा जोडला की जोड दिसतोच. जे हाताला लागलंय त्यावरनं काउंटर ठरवला की माल वाया जात नाही अन् बिलही आटोक्यात राहतं.

जुनं म्हणजे स्वस्त, हे मात्र डोक्यातनं काढा. सागवान घनफुटावर देतो, पण खिळ्यांची भोकं, खाचा, किडका भाग कापून टाकल्यावर कमीच उरतं आणि खरा पैसा जातो मजुरीत, कारण एक खिळा आत राहिला तरी मशीनचं पातं जातं, म्हणून प्रत्येक नग हातानं तपासावा लागतो. चौकटीला बारीक भोकं दिसली तर घाबरू नका, जुनी असतात बऱ्याचदा, पण खाली टाल्कम पावडरीसारखा ताजा भुसा पडत असेल तर कीड आत जिवंत आहे, तसला नग औषध मारून बाजूला ठेवतो, भुसा थांबला तरच देतो.

रंगवलेली दारं दुकानात घासायची नाहीत. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं (90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 च्या, वर नको हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या दाराचं काय सांगणार), त्यामुळं ते काम गोदामातच, ओलं करून. सुतार म्हणेल इथंच सँडर मारतो, लवकर होईल. होऊ देऊ नका.

आता चादर-टॉवेलवाल्यांसाठी खास, कारण सोलापुरात आमचं निम्मं गिऱ्हाईक तेच. जुन्या फळीचा खडबडीतपणा फोटोत भारी दिसतो, पण टॉवेलचा एक फासा कुसात अडकला की धागा ओढला जातो अन् तो नग गेला सेलमध्ये. म्हणून रॅकची वरची बाजू आणि पुढची कड एकदम गुळगुळीत करायची, खडबडीतपणा ठेवायचाच असेल तर खांबाला, भिंतीला ठेवा. फळीला नुसतं तेल लावून सोडू नका, पांढऱ्या मालाला डाग पडतात, मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारा आणि पूर्ण सुकल्यावरच माल लावा. आणि जवसाचं तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, कापडाच्या दुकानात अन् आपल्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. फडकी बाहेर मोकळी पसरून वाळवायची.

विटांची भिंत उघडी ठेवायची असेल तर सांधे नीट भरून वर क्लिअर सीलर मारायला लागतो, नाहीतर चुना झडत राहतो मालावर.

शहाबादीला मागणी कायम. शहाबाद इथनं रेल्वेलाईनीवरच, कलबुर्गीच्या पुढं, त्यामुळं आपल्याकडच्या जुन्या घरांत ही फरशी भरपूर निघते. जाडी सारखी नसते, खाली वाळू-सिमेंटचा माल जास्त भरावा लागतो आणि लेव्हल वर येते, मग शटर खाली बसत नाही! आधी शटरखालचं माप घ्या. चुनखडीचा दगड आहे, ॲसिडनं धुतला की खराब झालाच म्हणून समजा.

वाड्याचा दरवाजा एंट्रीला लावायचा हट्ट बरेच जण करतात. उंचीला कमी, शिवाय खाली उंबरठा, वजन खूप, गिऱ्हाईकाचं डोकं आपटणार. त्यापेक्षा आडवा टाकून वर टफन काच ठेवा, झकास काउंटर होतो. गाळा भाड्याचा असेल तर सगळं नट-बोल्टवर करून घ्या, सोडताना काढून नेता येतं. पोटमाळ्याला जुन्या तुळया टाकायच्या असतील तर इंजिनिअरचं लेखी आणल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. विजेची जुनी पितळी बटणं शोभेला ठीक, वायरिंग नवीनच.

देवळातले खांब, मूर्ती घेतही नाही, देतही नाही. 1972 चा पुरावस्तू कायदा आहे, उगाच झंझट नको. बाकी मालाचं बिल मागून घ्या, आम्ही देतोच.

दिवाळीला उद्घाटन करायचं असेल तर गणपतीत फोन करून जमत नाही, उन्हाळ्यातच या. येताना गाळ्याची लांबी-रुंदी, छताची उंची, शटरचं माप आणि आतल्या बीम-कॉलमचे फोटो घेऊन या.