अंधारात हात दिसत नाहीत

तारांगणातले दिवे मालवतात, निवेदन सुरू होतं आणि नेमकं तेव्हाच बधिर प्रेक्षकासाठी सगळं थांबतं. खुणांच्या भाषेत निवेदन सांगणाऱ्या दुभाष्याचे हात दिसेनासे झालेले असतात. आकाशदर्शनातही तीच अडचण. डोळा दुर्बिणीला लावला, की शनीची कडी समजावणारे हात बघायचे कसे?

यावर उपाय आहेत, तेही बिनखर्चाचे. आधी समजावून सांगायचं, मग दुर्बिणीपाशी न्यायचं. हातांवर मंद लाल उजेड ठेवायचा. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही, त्यामुळे हात दिसतात आणि डोळ्यांचा सरावही टिकतो.

खरी उणीव शब्दांची आहे. ‘कृष्णविवर’ला ठरलेली खूण नसेल, तर एकेक अक्षर बोटांनी दाखवत बसावं लागतं, अर्थ त्यातूनही कळत नाही. खुणांच्या भाषा देशागणिक वेगळ्या, म्हणून हे काम ज्याच्या त्याच्या भाषेत व्हायला हवं. फ्रान्समध्ये खगोलशास्त्रज्ञ डोमिनिक प्रूस्त यांच्या पुढाकारानं फ्रेंच खुणांच्या भाषेत खगोलशास्त्राचा कोश झाला. भारतीय सांकेतिक भाषेचा शब्दकोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांवर पोहोचला. नव्या खुणा मात्र बधिर माणसांनीच घडवाव्यात, असं मला मनापासून वाटतं. ऐकणाऱ्यांनी परस्पर ठरवलेली खूण त्यांच्या हातात रुळणार कशी?

आणि या शास्त्रावर त्यांचा हक्क जुना आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कचा जॉन गुडरिक लहानपणापासून बधिर होता. १७८२ च्या नोव्हेंबरात, अठराव्या वर्षी, ययाती तारकासमूहातला अल्गॉल तारा मंद झालेला त्यानं नुसत्या डोळ्यांनी टिपला. रात्रीमागून रात्री नोंदी ठेवून त्यानं हिशेब मांडला: हा तारा साधारण २ दिवस २१ तासांनी मंदावतो. बहुधा एखादी काळोखी वस्तू त्याच्यासमोरून जात असावी, असंही त्यानं सुचवलं. १७८३ मध्ये रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक त्याला मिळालं. एकविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या तर्काला वर्णपटाचा पुरावा १८८९ मध्ये मिळाला. फरक एवढाच, की समोरून जाणारी वस्तू हाही एक ताराच निघाला.

हेच खुणांनी सांगून बघा. एक मूठ म्हणजे तेजस्वी तारा. दुसरी मूठ तिच्याभोवती फिरवत बघणाऱ्याच्या आणि तिच्या मधे आणायची. मागची मूठ झाकली जाते, पुन्हा उघडी पडते. पिधान म्हणजे काय, ते समोरच्याला दिसलेलं असतं.