जठराच्या कर्करोगातील पोषणोपचार : रुग्णापर्यंत उशिरा पोहोचलेले ज्ञान

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगाने ग्रासलेला जठराचा खालचा भाग काढून उरलेले जठर लहान आतड्याला जोडले. ती रुग्ण शस्त्रक्रियेतून सावरली, मात्र पुढे सुमारे चार महिन्यांनी रोगानेच दगावली. १८९७ मध्ये झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी संपूर्ण जठर काढूनही माणूस जगू शकतो हे दाखवून दिले. जठर काढता येते हे अशा रीतीने सिद्ध झाले. ते काढल्यावर माणसाने काय, किती आणि कसे खावे, हा प्रश्न मात्र पुढची कित्येक दशके प्रामुख्याने रुग्णाच्या घरच्यांवरच सोडला गेला. पोषणाकडे उपचार म्हणून न पाहता शुश्रूषेचा एक भाग म्हणून पाहण्याची सवय तेव्हापासूनची आहे, आणि रुग्णांच्या मनातून ती अजून पुरती गेलेली नाही.

वास्तविक पुरावे लवकर हाती येऊ लागले होते. १९३२ मध्ये शील्ड्स वॉरेन यांनी ५०० कर्करुग्णांच्या शवविच्छेदनांचा आढावा घेतला, तेव्हा सुमारे २२ टक्के मृत्यूंना शरीराची कमालीची क्षीणता हेच कारण त्यांना दिसले. १९३६ मध्ये हायरम स्टडली यांनी जठरव्रणाच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास केला. त्यांचे रुग्ण कर्करोगाचे नव्हते, तरी निष्कर्ष येथेही मोलाचा आहे : शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन २० टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ३३ टक्के होते, तर इतरांमध्ये ते ४ टक्क्यांच्याही आत होते. १९८० मध्ये डेविस आणि सहकाऱ्यांनी तीन हजारांहून अधिक कर्करुग्णांची माहिती तपासली, तेव्हा केमोथेरपीपूर्वीच वजन घटलेल्यांचे प्रमाण जठराच्या कर्करोगात सर्वाधिक, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर आढळले.

दरम्यान साधनेही आली. १९६८ च्या सुमारास स्टॅन्ली डड्रिक यांनी मोठ्या शिरेतून संपूर्ण पोषण देण्याची पद्धत यशस्वी केली आणि १९८० मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने पोटावाटे आहारनळी बसवण्याची रीत प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या उत्साहाला १९९१ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीने आवर घातला. शस्त्रक्रियेपूर्वी शिरेतून दिलेल्या पोषणाचा लाभ केवळ तीव्र कुपोषित रुग्णांनाच झाला, इतरांमध्ये संसर्ग मात्र वाढले. आतडे काम करीत असेल तर तोंडाने, ते न जमल्यास नळीने, आणि दोन्ही अशक्य किंवा अपुरे असतील तरच शिरेतून, हा आजचा क्रम अशा अनुभवांतून घडला आहे.

हा क्रम रुग्णांच्या समजुतीच्या अगदी उलट आहे, आणि माझ्या मते खरी अडचण येथेच आहे. अनेकांना शिरेतून थेंबाथेंबाने जाणारे द्रव हेच खरे बळ वाटते आणि नाकातील नळी ही शेवट जवळ आल्याची खूण वाटते. प्रत्यक्षात ५ टक्के ग्लुकोजच्या एक लिटर सलाईनमधून सुमारे १७० ते २०० किलोकॅलरी मिळतात आणि प्रथिने मुळीच मिळत नाहीत. याउलट युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार कर्करुग्णाला दररोज प्रतिकिलो वजनामागे २५ ते ३० किलोकॅलरी आणि एक ग्रॅमहून अधिक, शक्यतो दीड ग्रॅमपर्यंत, प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या माणसाची दिवसाची किमान गरज भागवायला अशा एक लिटरच्या सहा बाटल्याही अपुऱ्या पडतील. मांस उकळून गाळलेल्या पाण्यात सगळे सत्त्व उतरते, ही समजूतही तशीच फसवी आहे, कारण बहुतेक प्रथिने गाळून टाकलेल्या भागातच राहतात.

याहून घातक समजूत म्हणजे चांगले खाल्ले की गाठ वाढते. ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात गाठीच्या पेशी ग्लुकोज अधिक वापरतात हे दाखवले. त्या निरीक्षणाचा आधार घेऊन गाठीला उपाशी मारण्याचा सल्ला आजही दिला जातो. परंतु अन्न तोडल्याने गाठ उपाशी राहत नाही. ती स्नायूंच्या झिजेतून मिळणाऱ्या द्रव्यांवरही पोसली जाते आणि झिजतो तो रुग्ण.

भुकेविषयीचे ज्ञान तर त्याहून अलीकडचे. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये सापडले आणि ते मुख्यतः जठरातच तयार होते, हे स्पष्ट झाले. जठर काढल्यावर त्याची पातळी घसरते. म्हणून रुग्ण खात नाही तेव्हा तो हट्ट करीत नसतो, त्याला भूकच लागत नसते. भुकेची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खाणे, हा सल्ला यामुळेच दिला जातो. अन्न वेगाने आतड्यात उतरल्याने जेवणानंतर घाम, धडधड आणि चक्कर येते, हे ज्यांना कुणी आधी समजावलेले नसते, ते घाबरून आहार आणखी तोडतात.

रुग्णांचे ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण तपासणारी सर्वेक्षणे या पार्श्वभूमीवर पाहावी लागतात. आहार महत्त्वाचा आहे, असे विचारले तर जवळजवळ प्रत्येक जण मान्य करील; सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक आपोआप घटणे ही कर्करोगजन्य क्षीणतेची खूण २०११ मध्ये तज्ज्ञांनी निश्चित केली आहे, हे मात्र सर्वांना ठाऊक नसते. संपूर्ण जठर काढलेल्यांना बी-१२ जीवनसत्त्व आयुष्यभर द्यावे लागते, कारण ते शोषून घेण्यास लागणारा घटक जठरातच तयार होतो. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे कमतरतेची लक्षणे उशिरा, म्हणजे रुग्ण स्वतःला बरा समजू लागतो आणि तपासण्यांना जाणे कमी करतो, त्या सुमारास दिसू लागतात.