वन्स मोअर

वन्स मोअर : रंगमंचावर नुकतेच झालेले पद वा वादन तिथल्या तिथे पुन्हा व्हावे म्हणून प्रेक्षकांनी केलेला पुकारा, तसेच त्यानुसार झालेले पुनर्गायन. ‘वन्समोअर’ असे जोडूनही लिहितात. संपूर्ण नाटक पुन्हा होणे याला ‘प्रयोग’ म्हणतात. तो येथे अभिप्रेत नाही.

शब्द इंग्रजी असला, तरी खुद्द इंग्रजीत या अर्थी रूढ आहे तो ‘आंकोर’ हा फ्रेंच शब्द, साधारण १७१२ पासून. त्याचे मूळ ‘या घटकेपर्यंत’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दसमूहात शोधतात. लंडनमध्ये त्याच सुमारास रुजत असलेल्या इटालियन ऑपेरातील ‘अंकोरा’चा तो अपभ्रंश असावा, असेही सुचविले जाते; कालदृष्ट्या ते अशक्य नाही, पण रूप फ्रेंचच आहे. गंमत अशी, की फ्रेंच प्रेक्षक स्वतः ‘बिस’ (लॅटिन ‘दोनदा’) म्हणतात. मुशायऱ्यातील ‘मुकर्रर’ (‘पुन्हा’) अरबीतून आलेला. तेव्हा फर्माईश परभाषेत करण्याची खोड केवळ मराठी प्रेक्षकाची नव्हे.

मराठीत हा पुकारा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पारशी रंगभूमीमार्फत किंवा इंग्रजी शिकलेल्या प्रेक्षकवर्गाकडून आला असावा. पहिली शक्यता अधिक सयुक्तिक वाटते. अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची प्रेरणा पारशी मंडळीच्या खेळावरून मिळाली, असे सांगितले जाते. विष्णुदास भावे यांच्या नाटकांत (१८४३ पासून) पदे मुख्यतः सूत्रधार गाई. *शाकुंतल*पासून (पुणे, ३१ ऑक्टोबर १८८०) पात्रे स्वतः गाऊ लागली आणि दाद थेट गायकनटाकडे वळली. त्या नाटकात पदे सुमारे २०० होती, हे लक्षात घेता वन्स मोअरमुळे खेळ किती लांबत असेल याची कल्पना येते. *मानापमान*नंतर (१९११) ख्याल-ठुमरीच्या अंगाच्या चाली आल्या. तेच पद दुसऱ्या वेळी निराळ्या ताना-हरकतींनी रंगविता येऊ लागले. बालगंधर्वांचे प्रयोग त्यामुळे पहाटेपर्यंत चालत. कथानक तेवढा वेळ थांबलेले असे. टीकाकारांना ते खटके, प्रेक्षकांना नाही.

युरोपात अशा पुनर्गायनावर बंधनेही आली. व्हिएन्नात सम्राट दुसरा योझेफ याने १७८६ च्या मे महिन्यात, मोझार्टच्या *फिगारो* या ऑपेराच्या पहिल्या काही प्रयोगांनंतर, एकाहून अधिक गायकांची पदे पुन्हा गाऊ नयेत असा हुकूम काढला होता. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहातही विसाव्या शतकात दीर्घकाळ मनाई होती. २००७ मध्ये पेरूचे गायक हुआन दिएगो फ्लोरेस यांनी ती मोडली.

क्रियापदांची योजना लक्षणीय आहे. प्रेक्षक वन्स मोअर ‘देतात’, नट तो ‘घेतो’. प्रत्यक्षात मागणारा प्रेक्षक असतो आणि पुन्हा गाण्याचे श्रम नटाचे. मागणी हीच बक्षिसी, असा हा व्यवहार. गद्य नाटकात तो फारसा उरला नाही. नाट्यसंगीताच्या मैफलींत अजून ऐकू येतो.