एटीव्हीचे रनिंग-इन

नवे यंत्र पूर्ण ताकदीने वापरण्याआधी काही काळ मर्यादित आणि बदलत्या भाराखाली चालवणे म्हणजे रनिंग-इन. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार एटीव्ही (ऑल टेरेन व्हेइकल), अर्थात क्वाड बाईक, या वाहनापुरता केला आहे. मोटरसायकलसारखे हँडल, लांबलचक सीट, चार चाके आणि फुग्यासारखे टायर असलेली ही गाडी चिखल, वाळू, बर्फ आणि नांगरलेले शेत यांवरून जाण्यासाठी बनते. महाराष्ट्रातल्या गॅरेजांत रनिंग-इन हा शब्द पुरता उच्चारला जात नाही. ‘गाडी अजून रनिंगमध्ये आहे, पळवू नका’ असे सांगतात आणि मुदत सरली की ‘गाडी खुलली’ म्हणतात. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून थोडा रुंद करून, नवा पिस्टन टाकलेल्या जुन्या इंजिनालाही हेच लागू होते. एके काळी मोटारींच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी पाटी लावून मागच्याला पुढे जाण्याची विनंती केली जाई. यंत्रकामातली अचूकता वाढली तशी ती पाटी गेली. एटीव्हीच्या माहितीपुस्तिकेतले ते प्रकरण मात्र टिकून आहे.

या जातीच्या गाड्या अमेरिकेत रुळल्या त्या १९७० साली आलेल्या होंडाच्या यूएस ९० या तीनचाकीपासून. हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत, त्या दिवसांत विकण्याजोगे काहीतरी द्या, ही तिथल्या विक्रेत्यांची मागणी तिच्यामागे होती. चारचाकी रूप १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुझुकीच्या क्वाडरनरने आणले. बर्फावरच्या गाड्या बनवणारी मिनेसोटातली पोलारिस ही कंपनी १९८५ मध्ये या धंद्यात उतरली. तीनचाकी वळणावर सहज उलटे. १९८८ मध्ये अमेरिकेचा ग्राहक-सुरक्षा आयोग आणि उत्पादक यांच्यात न्यायालयीन तडजोड होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. खरेदीदाराला चालवण्याचे प्रशिक्षण देऊ करण्याचे बंधनही त्याच तडजोडीतले. म्हणजे नवी गाडी आणि नवा चालक हे दोन प्रश्न या वाहनाच्या बाबतीत पहिल्यापासून एकमेकांना चिकटून आहेत. मोटारीच्या रनिंग-इनमध्ये चालकाला शिकण्यासारखे फारसे नसते, इथे असते.

इंजिनात काय घडते

सिलिंडरची आतली भिंत हाताला गुळगुळीत लागली तरी तशी नसते. कारखान्यात होनिंग, म्हणजे घासून नेमके माप आणण्याचे काम, करताना तिच्यावर मुद्दाम एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा पाडलेल्या असतात. रेघांच्या खाचांत ऑइल थांबते आणि त्यांचे उंचवटे नव्या पिस्टन रिंगांना, म्हणजे पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्यांना, घासून आकार देतात. रिंग भिंतीला दाबून धरण्याचे काम तिच्या स्वतःच्या ताणापेक्षा जळत्या वायूचा दाब अधिक करतो. हा दाब रिंगेच्या मागच्या फटीत शिरून तिला बाहेर ढकलतो. उंचवटे झिजून सपाट झाले आणि रिंगेची कड सगळीकडून भिंतीला टेकली, की रिंगा बसल्या.

यातून एक गोष्ट निघते आणि ती अनेकांना उलटी वाटते. नवी गाडी फार जपून, एकाच मंद वेगाने चालवत राहणे हेही तिच्या हिताचे नाही. थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, कमी असला की दाब कमी आणि दाब कमी असला की रिंग भिंतीवर नुसतीच सरकत राहते. ऑइलचा जळका थर खाचांत साचतो, भिंतीला काचेसारखी चकाकी चढते आणि पुढे रिंगा बसायला खडबडीत जागाच उरत नाही. असे इंजिन आयुष्यभर ऑइल पिते. नवे इंजिन सुरू करून तासभर आयडलिंगवर धडधडत ठेवण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती म्हणूनच चुकीची. उलट बाजूला, पहिल्याच दिवशी पूर्ण थ्रॉटल देऊन चढ चढवला तर खरखरीत पृष्ठभागांच्या घर्षणाने पिस्टन प्रमाणाबाहेर तापून फुगतो आणि भिंतीला चिकटतो. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत हे सर्रास होई. त्याला इंजिन जाम होणे किंवा सीझ होणे म्हणतात.

इंटरनेटवरच्या हौशी मेकॅनिकांत एक पंथ असा आहे, की रेघांचे उंचवटे फार लवकर झिजतात, म्हणून पहिल्या काही किलोमीटरांतच दणकून जोर लावावा. वायूच्या दाबाबद्दलचे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण ते फक्त सिलिंडरचा विचार करतात, आणि एटीव्हीत सिलिंडरखेरीज बसायचे बरेच काही असते.

पहिले वीस तास

एटीव्हीचे वय किलोमीटरपेक्षा तासांत मोजलेले बरे. ट्रॅक्टरवाल्यांना ही रीत नवी नाही. शेतात दिवसभर राबलेली गाडी अंतर फारसे कापत नाही, इंजिन मात्र दिवसभर फिरलेले असते. त्यामुळे बहुतेक गाड्यांवर तासांचे मीटर असते.

कंपन्यांच्या सूचना तपशिलात जुळत नाहीत. यामाहाच्या पुस्तिकांत पहिले १० तास अर्ध्या थ्रॉटलच्या वर सलग चालवू नये, दर तासाने इंजिन ५ ते १० मिनिटे थंड होऊ द्यावे, आणि १० ते २० तासांत पाऊण थ्रॉटलच्या वर फार वेळ राहू नये असे असते. होंडा पहिल्या दिवसावर किंवा पहिल्या २५ किलोमीटरांवर विशेष भर देते. त्या काळात झटक्याने वेग घेणे आणि जोरात ब्रेक मारणे टाळायचे. पोलारिसच्या अलीकडच्या गाड्यांत हा काळ २५ तासांचा धरतात. आकडे वेगळे असले तरी सगळ्यांना हवे असते ते एकच: थ्रॉटल एका जागी धरून ठेवू नका, वेग चढवा, उतरवा, पुन्हा चढवा. त्यामुळे सपाट लांब रस्त्यापेक्षा थोडा चढउतार आणि वळणे असलेली पायवाट रनिंगसाठी उत्तम. सुरू केल्यावर इंजिन एकदोन मिनिटे कोमट होऊ द्यायचे आणि निघायचे. या काळात मागे ट्रॉली जोडू नये, वाहक जाळीवर पोती लादू नयेत.

बऱ्याच एटीव्हींत गिअरऐवजी सीव्हीटी असते, म्हणजे बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असते तीच बेल्ट आणि दोन सरकत्या पुल्यांची रचना, फक्त बरीच दणकट. नव्या बेल्टच्या कडा पुलीच्या तोंडाशी पूर्ण जुळलेल्या नसतात. पहिल्याच फेरीत खड्ड्यात रुतलेल्या गाडीला थ्रॉटल देत राहिले, तर चाके जागची हलत नाहीत, पुली मात्र फिरते आणि बेल्टच्या एकाच जागेला घासते. तिथे चट्टा पडतो. पुढे वेग घेताना दर फेऱ्याला हादरा बसतो तो या चट्ट्याचा. म्हणून हळू चालायचे असेल, ओढायचे असेल किंवा खडकातून वर चढायचे असेल, तेव्हा ‘एल’ म्हणजे लो रेंज लावावी. तिच्यात इंजिन वेगाने फिरते आणि बेल्टवर ताण कमी येतो. नव्या मालकाला ‘एच’मध्ये, म्हणजे हाय रेंजमध्ये, गाडी चालते म्हणून ‘एल’ची गरज कळत नाही. ती बेल्ट जळाल्याच्या वासाने कळते, तोवर उशीर झालेला असतो.

ब्रेकचे पॅड आणि डिस्क यांनाही एकमेकांची सवय व्हावी लागते. सुरुवातीचे काही किलोमीटर मध्यम दाबाने अनेकदा ब्रेक लावावा आणि मध्ये थंड होऊ द्यावा. पहिल्या दिवशी ब्रेक कमी लागतो हे गृहीत धरूनच अंतर ठेवावे.

निघण्यापूर्वी

एटीव्ही कारखान्यातून लोखंडी सांगाड्यात बांधून येते. चाके, हँडल, पुढचा बंपर विक्रेता जोडतो. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचे नट कारखान्याने नव्हे, तर दुकानातल्या माणसाने आवळलेले असतात. चाकांचे नट, हँडलचे क्लॅम्प, थ्रॉटल सोडल्यावर जागेवर परत येतो की नाही, हे स्वतः पाहावे.

सर्वांत जास्त चुकते ते हवेचे. मोटरसायकलच्या टायरात साधारण २५ ते ३५ पीएसआय हवा असते, एटीव्हीच्या टायरात जेमतेम ५ च्या आसपास. पंक्चरवाल्याचे मीटर इतक्या खाली भरवशाने वाचतच नाही, आणि तो सवयीने २० भरून मोकळा होतो. मग गाडी दगडावरून चेंडूसारखी उडते, आणि मालक सस्पेन्शनला नावे ठेवतो. डाव्या-उजव्या टायरांत एका पीएसआयचा फरकही हँडल एका बाजूला ओढायला पुरतो. काही कंपन्या टूलकिटमध्ये कमी दाबाचे छोटे मीटर देतात ते याचसाठी.

चालकाचे रनिंग-इन

दुचाकी चालवणाऱ्याला एटीव्ही सोपी वाटते, आणि तिथेच घात होतो. दुचाकीवर मुरलेल्या तीन सवयी इथे मोडाव्या लागतात. पहिली मूठ पिळण्याची. एटीव्हीला बहुधा उजव्या अंगठ्याने दाबायची छोटी पट्टी असते, आणि घाबरलेला माणूस हँडल घट्ट आवळतो तेव्हा अंगठाही दाबला जातो. काही गाड्यांत, विशेषतः मुलांच्या, ही पट्टी किती दाबली जाईल ते ठरवणारा स्क्रू असतो. रनिंगच्या काळात तो मोठ्यांनीही वापरावा, लाज बाळगू नये. दुसरी सवय तोल गेला की पाय टेकण्याची. चालत्या एटीव्हीवरून पाय खाली गेला, तर मागचे चाक त्यावर चढते. पाय पायठेवणीवरच राहिले पाहिजेत. तिसरी सवय वळणावर गाडी कलवण्याची. ही गाडी कलत नाही, कलायचे ते चालकाने. अनेक एटीव्हींत मागची दोन्ही चाके एकाच अखंड ॲक्सलवर असल्याने ती एकाच गतीने फिरतात. वळताना आतल्या चाकाला कमी अंतर कापायचे असते, म्हणून त्याला थोडे घसरू द्यावे लागते. यासाठी वजन बाहेरच्या पायठेवणीवर आणि धड आतल्या बाजूला, असा काहीसा विचित्र पवित्रा घ्यावा लागतो. तो पाठ होईपर्यंत मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यात हळू फिरत राहणे हा सर्वांत चांगला सराव. इंजिनालाही नेमके हेच, कमीजास्त होणारे हलके ओझे मानवते.

लांब सीट पाहून दोघांची गाडी समजू नये. चढावर पुढे आणि उतारावर मागे सरकायला चालकाला जागा हवी म्हणून ती लांब असते. बहुतेक एटीव्ही एकट्यासाठीच बनतात. नागाव, काशीदच्या किनाऱ्यांवर भाड्याच्या एटीव्हीवर पुढ्यात मूल आणि मागे बायको घेऊन निघालेला पर्यटक दिसतो, तेव्हा त्याने सरकायची जागा गमावलेली असते. डांबरी रस्ताही टाळावा. फुगीर टायर तिथे घसरायला तयार नसतात, आणि जिथे चाक घसरत नाही तिथे गाडी उलटते. अमेरिकी ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या हिशेबात अशा रस्त्याबाहेरच्या वाहनांमुळे वर्षाला सुमारे एक लाख माणसे जखमी होऊन रुग्णालयांच्या तातडीच्या कक्षात पोहोचतात. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२१ पासून शेतीकामाच्या नव्या क्वाडना उलटल्यावर चालकाला वाचवणारी संरक्षक कमान सक्तीची केली.

महाराष्ट्रात ‘एटीव्ही’ हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो तो किनाऱ्यांपेक्षा अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्कशॉपात. २००७ पासून इंदूरजवळच्या पिथमपूरशी जोडलेल्या बाहा एसएईइंडिया स्पर्धेसाठी विद्यार्थी एक आसनी, पाइपांच्या पिंजऱ्याची गाडी बांधतात आणि तिला एटीव्हीच म्हणतात. या स्पर्धेत वर्षानुवर्षे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे १० अश्वशक्तीचे इंजिन वापरले गेले. त्यात फेरफार करायला नियमांनी मनाई असल्याने संघांच्या हाती उरते ती गाडीचे वजन आणि सीव्हीटीची जुळणी. गाडी शेवटच्या आठवड्यापर्यंत वेल्डिंगखालीच राहिली, तर नवा बेल्ट बसायला वेळच मिळत नाही, आणि चार तासांच्या सहनशक्ती शर्यतीत त्याची किंमत मोजावी लागते.

पहिली सर्व्हिसिंग

होंडाच्या वेळापत्रकात ती १५० किलोमीटर किंवा २० तासांवर येते, इतरांचीही आसपासच. वॉरंटीच्या कार्डावर शिक्का हवा म्हणून ती लोक करतात, पण तिचे खरे काम ऑइल बदली हे आहे. झिजलेल्या उंचवट्यांचा चुरा याच ऑइलमध्ये तरंगत असतो, आणि बाहेर काढलेले ऑइल उन्हात धरले की त्यात रुपेरी चमक दिसते. पहिल्या वेळी ती दिसायचीच, दुसऱ्या बदलीलाही तितकीच दिसली तर चिंता. फिल्टरही तेव्हाच बदलतात. पुढच्या-मागच्या गिअरकेसमधले ऑइल अनेकदा विसरले जाते, कारण ते इंजिनाबरोबर निघत नाही. त्याचे नट वेगळे असतात. त्यानंतर व्हॉल्व्हची फट तपासणे, केबलींचा ढिलेपणा काढणे आणि सांगाड्यातून काढताना ज्यांना पाना लागला होता ते सगळे नट पुन्हा एकदा आवळणे.