चौल-रेवदंडा : एका बंदराची दोन गावे

मुंबईहून शनिवारी सकाळच्या बोटीने मांडव्याला उतरून, अलिबागमार्गे रेवदंड्याला एक रात्र राहून परत यायचे, असा बेत मित्राने आखला तेव्हा समुद्रकिनारा आणि मासे यांपलीकडे आमच्या डोक्यात काही नव्हते. रस्ता किल्ल्याच्या तटातूनच गावात शिरतो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, मधूनच एखाद्या चर्चची छप्पर नसलेली भिंत. ‘एवढे मोठे बंदर म्हणतात, ते आहे कुठे?’ हा मित्राचा प्रश्न रास्त होता.

कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ‘चेमुल’ म्हणजे चौल गावच्या देणगीदारांचा उल्लेख येतो; ग्रीक लेखक त्यालाच ‘सेमिल्ला’ किंवा ‘सिमिल्ला’ म्हणतात, तर अरबांनी त्याचे ‘सैमूर’ केले. दहाव्या शतकाच्या आरंभी, शिलाहार राजा झंझ याच्या काळात येथे आलेल्या अल-मसूदी या अरब प्रवाशाने गावात सुमारे 10,000 मुसलमान राहत असल्याचे नोंदवले आहे. आकडा ढोबळ धरला, तरी परदेशी व्यापारी येथे हंगामापुरते न येता घरे करून राहिले होते एवढे त्यातून दिसते.

बंदर नुसत्या खाडीवर चालत नाही. त्याला घाटावरची गिऱ्हाइके लागतात. चौलच्या बाबतीत याचा उत्तम दाखला अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याच्या प्रवासात सापडतो. 1469 च्या सुमारास तो होर्मुझहून विकण्यासाठी एक घोडा घेऊन येथे उतरला आणि डोंगर चढून जुन्नरला गेला, कारण घोड्यांना मागणी होती ती बहमनी सरदारांकडे. जुन्नरच्या सुभेदाराने तो घोडाच काढून घेतला; पुढे एका खोरासानी माणसाच्या मध्यस्थीने तो परत मिळाला. (रेवदंड्यात निकितिनचे छोटेसे स्मारक आहे; घोड्याचे मात्र नाही, हे मित्राला खटकले.)

बहमनी राज्याची शकले झाल्यावर चौल अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेले आणि त्याच सुमारास पोर्तुगीज समुद्रावर अवतरले. मार्च 1508 मध्ये कुंडलिका नदीच्या मुखाशी इजिप्तच्या मामलुक सुलतानांचे आणि गुजरातच्या सुलतानाचा दीवचा अधिकारी मलिक अयाझ याचे आरमार पोर्तुगीजांवर चालून आले. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द अल्मेदा याचे जहाज निसटताना मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांत अडकले आणि तो तेथेच मारला गेला. या खाडीत आजही होड्या मासेमारीला जातात. त्या पाहताना कोळ्यांच्या खुंटांनी एका आरमाराचा निकाल लावला ही गोष्ट अद्भुत वाटत नाही, उलट अगदी पटते.

तरीही पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत जिंकून पोर्तुगीज टिकले आणि काही वर्षांतच निजामशहाच्या परवानगीने त्यांनी खाडीच्या तोंडाशी वखार व नंतर किल्ला उभारला. एका बंदराची दोन गावे झाली ती इथून : आतल्या बाजूचे जुने चौल निजामशाहीचे, आणि किनाऱ्यालगतचे रेवदंडा पोर्तुगीजांचे. दोघांचा व्यापार एकमेकांवाचून चालत नव्हता आणि दोघांचा एकमेकांवर विश्वासही नव्हता. 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने रेवदंड्याला अनेक महिने वेढा घातला, पण तो फळला नाही. समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर निजामशहाने बांधलेला किल्लाही 1594 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. शंभरेक वर्षांनी, 1683 मध्ये, संभाजी महाराजांनी घातलेल्या वेढ्यातूनही रेवदंडा वाचले.

चौलची भरभराट थांबली ती या वेढ्यांनी नव्हे, असे मला वाटते. घाटावरची निजामशाही संपली, पोर्तुगीजांची समुद्रावरची हुकमत ओसरली, आणि उत्तरेला इंग्रजांची मुंबई वाढू लागली. चौलचे रेशमी कापड नावाजलेले होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील विणकरांना इंग्रजांनी मुंबईत वसवले. कारागीर गेले की त्यांच्यामागे दलाल आणि जहाजेही जातात. 1739 मध्ये वसई पडली आणि पुढच्या वर्षीच्या तहाने रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले, तोवर हातात आलेले बंदर बरेचसे नावापुरते उरले होते. तटाच्या आतल्या मोकळ्या जागेत मग वाड्या लागल्या, आणि आज फ्रान्सिस्कन मठाच्या सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले माडांच्या गर्दीतून डोके वर काढून उभे दिसतात.

रविवारी दुपारी पूल ओलांडून आम्ही कोर्लईला गेलो. डोंगराच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक बोली आजही घरात बोलली जाते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. पायवाटेवर वाट विचारली तेव्हा एका आजीबाईंनी आम्हाला स्वच्छ अलिबागी मराठीत उत्तर दिले आणि मागे वळून नातवाला त्या बोलीत हाक मारली.